चारशे घोडे, चार तळवे: ताकदवान गाडीला पकडीचे टायर कसे निवडावेत

इंदूरमध्ये गाडी ट्यून करून आणलेला नवा मुलगा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दादा, आता पुढे काय लावू?’ इंजिनचा मॅप बदललेला असतो, इंटरकूलर मोठा बसवलेला असतो, एक्झॉस्ट तर तीन गल्ल्या आधीच ऐकू येतो. खाली चाकांकडे पाहावं तर शोरूममधून निघताना होते तेच टायर, चार वर्षं जुने आणि कडांना गोटा झालेले. माझं उत्तर तेव्हाही एकच होतं, आजही तेच आहे: पुढचा रुपया टायरवर घाल. त्यातही ‘सगळ्यात मऊ कुठला’ एवढंच विचारू नकोस. तुझ्या रस्त्यावर, तुझ्या हवेत, तुझ्या गाडीच्या वजनाखाली जो तापून मऊ होतो, तो शोध. मऊ रबर आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक न कळल्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आधी टायरवर किती भार पडतो ते बघू. गाडी १,४५० किलोची आणि पुढच्या चाकांनी ओढणारी आहे असं धरा. टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम दीडशे चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे साधारण तुमच्या पंजाएवढा. इंजिन ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतंय, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं, ३.६. चाकाशी पोचेपर्यंत तो टॉर्क साडेबारा पट होऊन ५,००० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. टायरची त्रिज्या ३२ सेंटिमीटर धरली तर रस्त्यावर लागणारा जोर सुमारे १,६०० किलोचा भरतो. पुढच्या चाकांवर उभ्या गाडीचं वजन ९०० किलो असतं. गाडी सुटताना मागे बसते आणि पुढे साडेसातशेच्या आसपास उरतं. चांगल्या कोरड्या डांबरावर चांगला रोजचा टायर त्याच्यावरच्या वजनाएवढाच जोर पेलतो. इंजिन १,६०० देतंय आणि टायर ७५० पेलतोय. उरलेलं सगळं धुरात जातं.

पायरी पहिली: गाडी कुठे चालते ते लिहून काढा

मनातल्या मनात नको, कागदावर लिहा. महिन्यातले किती किलोमीटर पलासिया, भंवरकुआं, राजवाडा असे गर्दीत जातात? किती बायपासवर? पावसाळ्यात गाडी निघते का? खंडवा रोडने सिमरोलचा घाट उतरता का? आणि ड्रॅग, म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ रेषेतली ४०० मीटरसारखी छोटी शर्यत, वर्षातून खरोखर किती वेळा? बहुतेकांच्या कागदावर ड्रॅग वर्षाला दोन-तीन दिवस निघतं आणि बाकीचे ३६२ दिवस ऑफिस, भाजी, आईला डॉक्टरकडे नेणं. त्या ३६२ दिवसांत टायरला ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायचा आहे, हे विसरू नका.

इंदूरची म्हणून एक गोष्ट यात धरायला हवी. आपल्याकडे रात्री रस्ते यंत्रांनी झाडले जातात, धुतले जातात. आकाशात ढग नसताना मध्यरात्री वळणावर ओला पट्टा भेटतो. खाचा जवळपास नसलेल्या टायरवर तो पट्टा पावसाइतकाच वाईट.

ड्रॅग म्हणजे सुपर कॉरिडॉर किंवा बायपास नव्हे. मोकळा दिसला तरी तो लोकांचा रस्ता आहे. तिथे दूधवाला असतो, म्हशी असतात, उलट बाजूने येणारी मोटरसायकल असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. पीथमपूरला आपल्या उशाशीच नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. २०२१ च्या जूनमध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण ती गाड्यांच्या चाचणीची जागा आहे, रविवारी सकाळी उठून गाडी घालण्याची नव्हे. रीतसर आयोजित स्पर्धा असेल तिथे जा, देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना असलेल्या एफएमएससीआयचे नियम आणि लायसन्स यांची माहिती घ्या, हेल्मेट घाला.

पायरी दुसरी: गाडी पुढून ओढते की मागून ढकलते

टायर बदलल्याने किती फायदा होणार हे इथे ठरतं. वर सांगितलेल्याच मापाची गाडी घेऊन मी गणित केलं. पकड-गुणांक म्हणजे टायर त्याच्यावरच्या वजनाच्या किती पट जोर पेलतो तो आकडा, आणि जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेली वेगवाढ. पुढून ओढणाऱ्या गाडीत पकड-गुणांक १ चा टायर असेल तर सुटताना साधारण ०.५१ जी मिळतो. १.३ चा चिकट टायर घातला की ०.६४. तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच लांबीची, पण मागून ढकलणारी गाडी घ्या, मागच्या चाकांवर ४७ टक्के वजन असलेली: तिथे ०.५९ वरून थेट ०.८३. कारण उघड आहे. सुटताना वजन मागे जातं. मागून ढकलणाऱ्या गाडीत ते ओढणाऱ्या चाकांवर येतं, पुढून ओढणारीत ते निसटून जातं. टायर जितका चिकट तितकं जास्त वजन मागे जातं, म्हणून मस्टँगसारख्या गाडीत चांगला टायर दुहेरी कामाला येतो आणि पोलो-ऑक्टाव्हियात अर्धवट.

म्हणून पोलो किंवा ऑक्टाव्हियावाल्यांना माझं सांगणं असं, की महागड्या ड्रॅग रेडियलआधी (ड्रॅगसाठीच बनवलेला टायर, पुढे येतोच) इंजिनची आणि गिअरबॉक्सची माउंट, म्हणजे त्यांना गाडीशी धरून ठेवणारे रबरी आधार, कडक करा. चाक उड्या मारत फिरायला लागलं, की ॲक्सल तुटतो. आणि पकड वाढली की जो जोर धुरात जात होता तो आता क्लच, गिअरबॉक्स आणि ॲक्सलवर येतो हेही लक्षात ठेवा. फोक्सवॅगनचा ड्राय क्लचवाला सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे डीक्यू२००, हा २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. त्यावर ट्यून करून चिकट टायर घालणं म्हणजे टायर वाचवून गिअरबॉक्स देणं.

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मेकचे, एकाच मॉडेलचे आणि सारखेच झिजलेले हवेत. व्यास वेगळे झाले की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल किंवा क्लच रोज रगडला जातो.

पायरी तिसरी: टायरच्या भिंतीवर लिहिलेलं वाचा

दुकानदार काय सांगतो ते नंतर ऐका. टायर स्वतःच बरंच सांगतो.

२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. १७ इंचांचा रिम. ९४ हा भाराचा आकडा: एका टायरवर ६७० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. व्ही २४०, वाय ३००. ट्यून केलेल्या गाडीला कंपनीच्या आकड्याहून खालचा भार किंवा खालचा वेग कधीही नको, मग टायर कितीही स्वस्त मिळो.

मग चार आकड्यांची तारीख. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. हा आकडा बहुतेकदा टायरच्या एकाच भिंतीवर असतो, आतल्या बाजूला गेलेला असेल तर वाकून बघावं लागतं. वाका. चिकट रबर रोजच्या रबरापेक्षा लवकर कडक होतं. खाचा नव्या दिसतात, टायर काळाभोर दिसतो, पण नखाने दाबलं की नख घसरतं.

तिसरा आकडा ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे टेक्सासमध्ये ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल, म्हणजे ११,६०० किलोमीटर गाड्या चालवून झीज मोजतात आणि १०० क्रमांकाच्या तुलनेच्या टायरशी ताडतात. ३०० म्हणजे कागदावर तिप्पट टिकाऊ. आकडा कमी तेवढं रबर सहसा मऊ. पण हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० एकसारखे असतीलच असं नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो उत्तम. शेजारी ए किंवा डबल ए असं ट्रॅक्शनचं अक्षर दिसतं, त्यावर भुलू नका. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेतल्या ब्रेकची पकड सांगतं. कोरड्यात गाडी कशी सुटेल याच्याशी त्याचा संबंध नाही.

आयएसआयची खूण बघा. आपल्याकडे विकायच्या टायरला ती लागते. शिवाय २०२० च्या जूनपासून नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘मर्यादित’ यादीत टाकली आहे, आयातीला परवाना लागतो. परदेशातल्या व्हिडिओत दिसणारे अर्धे टायर इथल्या दुकानात का मिळत नाहीत, त्याचं हे मोठं कारण.

पायरी चौथी: कुठल्या घराण्याचा टायर

इथे थोडं थांबू, कारण गोंधळ इथेच होतो.

पहिलं घराणं मॅक्स परफॉर्मन्स समर टायरचं. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४एस हे ओळखीचं नाव, ट्रेडवेअर ३००. थंड असतानाही पकडतो, पावसात पाणी कापतो, गर्दीत आवाज करत नाही. ज्याची गाडी रोज चालते आणि ताकद तीनशे-साडेतीनशे घोड्यांपर्यंत आहे, त्याने इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रॅगला दोन-तीन दशांश सेकंद जातील. जाऊ द्या.

दुसरं, दोनशे ट्रेडवेअरवाल्यांचं. योकोहामाचा अ‍ॅडव्हान निओव्हा एडी०९, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-७१आरएस. हे वळणांसाठी, ट्रॅकसाठी घडवलेले. भिंत कडक, खांदे जाड. रस्त्यावर चालतात, पण थंडीत पहिले काही किलोमीटर लाकडासारखे वागतात. कडक भिंतीमुळे सुटताना टायर चुरगळून रस्त्याला लपेटत नाही, म्हणून निव्वळ ड्रॅगमध्ये अपेक्षेइतका फायदा मिळत नाही. घाटात मात्र जीव लावावा असे.

ब्रिजस्टोनवरून आठवलं, त्यांचा कारखाना आपल्या पीथमपूरलाच आहे, १९९८ पासून. म्हणून बरेच जण समजतात की त्यांचं सगळं इथे ताजं मिळतं. तसं नाही. कारखाना इथे असला तरी प्रत्येक मॉडेल इथे बनत नाही. तारीख बघायचीच.

तिसरं, आर-कंपाउंड, म्हणजे शर्यतीच्या रबराचे पण रस्त्यावर चालणारे टायर. टोयोचा प्रॉक्सेस आर८८८आर, ट्रेडवेअर १००. खाचा मोजक्या, रबर तापलं की अप्रतिम. मालव्याच्या पावसाळ्यात याच्यावर घराबाहेर पडू नये. पाणी साचलं की तो त्यावर तरंगतो.

चौथं, ड्रॅग रेडियल. निट्टोचा एनटी०५आर, मिकी थॉम्पसनचा ईटी स्ट्रीट आर. ड्रॅगसाठी जन्मलेले. भिंत मुद्दाम नरम ठेवलेली असते. जोर आला की ती मुरडते, धक्का गिळते आणि तळवा लांब होऊन रस्त्याला चिकटून राहतो. हाच गुण ताशी १२० च्या वर लेन बदलताना अवगुण होतो. मागची बाजू झुलते, स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळतं. एनटी०५आरवर ट्रेडवेअर शून्य लिहिलेलं असतं, त्यावरून तो किती दिवस टिकणार ते समजा.

पाचवं, स्लिक, म्हणजे खाचाच नसलेला शर्यतीचा टायर. रस्त्यावर कायद्याने चालत नाही. नव्याने यात पडू नये.

आणखी एक. परदेशातल्या ड्रॅग स्ट्रिपवर सुरुवातीच्या पट्ट्यावर चिकट द्रव फवारून, रबर घासून रस्ता तयार केलेला असतो. आपल्याकडे बरीचशी ड्रॅगिंग धावपट्टीवर किंवा साध्या डांबरावर होते. तिथे धूळ असते, बारीक खडी असते. तयार पट्ट्यावर ड्रॅग रेडियल जेवढी कमाल करतो तेवढी इथे करत नाही. म्हणून व्हिडिओतली वेळ डोक्यात ठेवून खरेदी करू नका.

पायरी पाचवी: माप आणि रिम

रुंद टायर चांगला, पण रिमला झेपेल इतकाच. २२५ ला ७ ते ८.५ इंचांचा रिम चालतो, २४५ ला ८ ते ९.५, २७५/४० ला ९ ते ११. सात इंचांच्या रिमवर २५५ चढवला तर तो फुग्यासारखा गोल होतो. मधला भाग टेकतो, कडा अधांतरी. पैसे २५५ चे, तळवा २२५ चाच.

व्यास बदलताना आकडेमोड करा. २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४ मिलिमीटर. २५५/४० आर १७ चा ६३६. म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस सगळं जागच्या जागी. तेच कुणी २५५/४५ आर १७ घेतला तर ६६१ होतो. चार टक्क्यांहून जास्त. गिअर लांबतात आणि सुटताना गाडी मंदावते. शिवाय फेंडरला घासतो तो वेगळाच. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, मागे चार माणसं बसवून तपासा.

ज्याची गाडी रोज चालते आणि ड्रॅगची आवडही खरी आहे, त्याला माझा सल्ला दोन जोड्यांचा. रोजच्या रिमवर समर टायर. जुने हलके रिम मिळवून ओढणाऱ्या दोन चाकांसाठी ड्रॅग रेडियल. जागेवर जाऊन चाकं बदला, संध्याकाळी परत. मागून ढकलणाऱ्या गाडीत पुढचे टायर स्वस्तातले ठेवू नका. साडेबारा सेकंदांत ४०० मीटर गेलात तर शेवटी वेग १७५ च्या पुढे असतो आणि तिथून गाडी थांबवायचं मुख्य काम पुढच्या टायरांचं असतं.

पायरी सहावी: खरेदी

माझी पहिली ड्रॅग रेडियलची जोडी मी वापरलेली घेतली. फोटोत खाचा भरपूर, भाव अर्धा. विकणाऱ्याने तारखेची बाजू दाखवली नाही आणि मी मागितली नाही. बसवून घरी आलो, राजेंद्र नगरच्या वळणावर हलकासा ओलावा होता, आणि मागची बाजू अशी निसटली की दुभाजक दीड हातावर राहिला. शेजारच्या सीटवर धाकटा भाऊ होता. दुसऱ्या दिवशी टायर काढून बघितला तर सात वर्षांपूर्वीचा. त्या रात्रीनंतर मी वापरलेला चिकट टायर तारखेचा फोटो आल्याशिवाय बघायलाही जात नाही, आणि तीन वर्षांहून जुना ड्रॅग रेडियल फुकट दिला तरी लावत नाही.

पंक्चर काढलेला, भिंतीला फुगवटा किंवा चीर असलेला टायर ड्रॅगला वर्ज्य. रोजच्या टायरमध्ये खाच १.६ मिलिमीटरवर आली की तो संपला. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की समजायचं. पावसाळ्यासाठी मी ३ मिलिमीटरलाच बदलतो.

पायरी सातवी: हवा आणि ताप

नवा चिकट टायर बसवल्याबरोबर लाँच मारू नका, म्हणजे उभ्या गाडीला पूर्ण जोराने सोडू नका. शंभर-दीडशे किलोमीटर शांतपणे चालवा, वरचा तुळतुळीत थर जाऊ द्या.

हवेचा गेज स्वतःचा ठेवा, एकच ठेवा. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. हवा थंड टायरमध्ये मोजायची. तापमान साडेपाच अंशांनी चढलं की दाब साधारण १ पीएसआय चढतो. डिसेंबरात इंदूरची सकाळ १० अंशांवर असते आणि दुपार २७ वर. घरून भरून निघालात तर जागेवर ३ पीएसआय वाढलेले असतात, टायर अजून फिरलाही नसताना.

समर टायर ड्रॅगच्या दिवशी ओढणाऱ्या चाकांत २६-२८ वर आणून बघा, त्याखाली नको. कडक भिंतीचा टायर आणखी खाली नेला की मधून पोटात वळतो आणि पकड घटते. ड्रॅग रेडियलला १८-२० पासून सुरुवात करा आणि एकेक पीएसआय बदलत जा. धाव झाली की टायरवरची खूण बघा: दोन्ही कडांना जास्त घासलं असेल तर हवा कमी, मध्ये जास्त घासलं तर हवा जास्त. वहीत लिहा: वेळ, हवा, तापमान, साठ फुटांची वेळ (सुटल्यापासून पहिले साठ फूट जायला लागलेली). साठ फुटांची वेळ हाच टायरचा खरा निकाल, शेवटचा वेग इंजिनचा.

परतीच्या आधी हवा भरायला विसरू नका. १८ पीएसआयवर बायपासला लागलेल्या गाडीचा टायर रिमवरून उतरू शकतो. गाडीत छोटा कंप्रेसर ठेवा.

बर्नआउट, म्हणजे टायर तापवायला चाक जागच्या जागी फिरवणं, मोजून करा. ड्रॅग रेडियलला धुराची पहिली झुळूक दिसेपर्यंत, बस. जास्त तापला की रबर तुपासारखं होतं. सुरुवातीच्या पट्ट्याजवळ पाणी टाकलेलं असेल तर खाचांच्या टायरने त्यात शिरू नका, वळसा घालून पुढे जा. खाचांत पाणी अडकतं आणि ठिबकत सुटण्याच्या रेषेपर्यंत येतं. समर टायरला बर्नआउट लागतच नाही, खडे झटकण्यापुरतं एकदा चाक फिरवा.

मालव्याच्या ऋतूंचं

जूनअखेर पाऊस धरला की काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांनी बायपासवर येते. ओल्या काळ्या मातीवर पायलट स्पोर्टही घसरतो, मग आर-कंपाउंडचं काय. तेव्हा चिकट जोडी काढून ठेवा. धुऊन, सुकवून, काळ्या पिशवीत घट्ट बांधून सावलीत. इन्व्हर्टर किंवा मोटर चालते त्या खोलीत नको, तिथला ओझोन रबराला तडे पाडतो. रिमवर असतील तर आडवे, नुसते असतील तर उभे ठेवून महिन्याला थोडे फिरवा. टायरला चमक आणणारं पॉलिश लावू नका, ते खाचांपर्यंत ओघळतं.

थंडीत, विशेषतः जानेवारीच्या पहाटे, सात अंशांच्या आसपास पारा आला की समर टायरचं रबर आखडतं. पहिले आठ-दहा किलोमीटर पायाला आवर घाला. मे महिन्यात उलट. दुपारी डांबरावर तळवा ठेववत नाही, तेव्हा दोन धावांमध्ये गाडी सावलीत उभी करा आणि टायरवर हात ठेवून बघा. हात ठेववत असेल तरच पुढची धाव.

नवी चाकं चढवल्यावर नट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यावर आवळा, आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.